टाकी निघाली म्हणजे तेल निघालं असं नाही



आज पिकाचं नाही, जागेचं लिहितो. रस्त्याकडेच्या किती जमिनी पेट्रोल पंपाला भाड्यानं गेल्या हे आपण सगळेच बघतोय. लांब मुदतीचा करार, महिन्याच्या महिन्याला ठरलेलं भाडं, पावसाकडं डोळे लावून बसायला नको. देणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण आता त्यातले जुने करार संपायला लागलेत. कुठं बायपास झाला आणि जुन्या रस्त्यावरचा पंप ओस पडला, कुठं धंदा परवडेना. मग मशीन उचलतात, टाक्या उपसून नेतात, खड्ड्यात मुरूम लोटतात आणि मालकाला सांगतात, घ्या तुमची जागा. मालक पण खूश.

माझं म्हणणं सरळ आहे. अशी जागा माती आणि पाणी तपासल्याशिवाय परत घेऊ नका, विकत घेऊ नका, आणि तिच्यात बोअर तर बिलकूल पाडू नका. आणि तपासणीचा खर्च ज्यानं टाकी पुरली त्यानं करायचा, जमीनवाल्यानं नाही.

हा विषय काढायचं कारण, आमच्या भागात सध्या हेच चाललंय. बंद पंपाची वीस गुंठे जागा मालकाकडं परत आली. तिथं बोअर घेऊन रोपवाटिका टाकायचा बेत आहे. खालच्या अंगाला दोन विहिरी आहेत, त्यांच्यावर वस्तीची दहा-बारा घरं पाणी पितात. जागेत काही आहे असं मी म्हणत नाही. काही नाही असंही कुणाला म्हणता येणार नाही, कारण कुणी बघितलंच नाही.

गळती दिसत का नाही

पंपाच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. जुन्या टाक्या लोखंडी, एका पत्र्याच्या. काळ्या रानात ओल धरून राहते, पत्रा बाहेरून गंजतो. पण टाकी फुटणं ही पुढची गोष्ट झाली. जास्त करून गळतात ते पाईपचे जोड, आणि टँकर खाली करताना सांडतं ते. सेकंदाला एक थेंब, तोही लहान धरा, तरी दिवसाला दोन लिटर होतात. वर्षाला सात-आठशे लिटर. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपावर दोन लिटरचा फरक कुणाच्या लक्षात येणार? डिप घातली, उडून गेलं असेल म्हटलं, रजिस्टरला लिहिलं, संपलं.

आता हिशेब करून बघा. आजच्या पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचं द्रव्य जास्तीत जास्त १ टक्का चालतं. हे बेंझीन माणसाला कॅन्सर करणारं आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेनं त्याला पक्क्या यादीत टाकलेलं आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक लिटर पेट्रोलमध्ये १ टक्का धरलं तर साधारण ८.८ ग्रॅम बेंझीन. भागाकार केला तर ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेला टेकवायला एक लिटर पेट्रोल पुरतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी असेल तर ते पावणेदोन लाख लिटरच्या आसपास भरतं. म्हणजे अशा पाच विहिरी. खरं बघता सगळं बेंझीन पाण्यात जात नाही. काही उडतं, काही मातीला धरून राहतं, काही जिवाणू खातात. पण माप कळावं म्हणून हा हिशेब.

पेट्रोल-डिझेल पाण्यापेक्षा हलकं. खाली झिरपत झिरपत पाण्याच्या पातळीपर्यंत गेलं की वर तरंगतं. आपल्याकडं पावसाळ्यात पाणी वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं. त्याच्याबरोबर हा तेलाचा तवंगही वरखाली होतो आणि मधल्या सगळ्या मुरमाला लेप देत जातो. म्हणून टाकी काढून खड्डा कोरडा दिसला तरी खालचा मुरूम तेल धरून असू शकतो, आणि दर पावसाळ्यात थोडं थोडं पाण्याला देत राहतो. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात अजून एक भानगड आहे. पाणी सगळीकडून सारखं चालत नाही, भेगांतून चालतं. जमिनीचा उतार पूर्वेला असला तरी झिरा दक्षिणेला असू शकतो. विहीर खोदलेल्या माणसाला हे सांगायला नको.

वास येत नाही म्हणजे काय?

"पाण्याला वास नाही, आम्ही पितोय की." हे वाक्य मी चार जणांकडून ऐकलं. नुसतं बेंझीन पाण्यात वासानं कळायला लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम लागतं. मर्यादा आहे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे नाकाला कळेपर्यंत हजारपट झालेलं असतं. वास आला तर धोका नक्की आहे, पण वास नाही म्हणून पाणी चांगलं हे काही खरं नाही.

दुसरं, "आम्ही माती तपासलीय, कार्ड आहे." मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. यात तेलाचं काहीच नाही. उलट तेल हाही कर्बच असल्यानं सेंद्रिय कर्बाचा आकडा चांगला दिसू शकतो! पाण्याचंही तसंच. ओलितासाठी आपण सामू, क्षार, सोडियम बघतो. बेंझीन त्या कागदावर येतच नाही.

कृषी अधिकारी आणि सल्ला देणाऱ्या मित्रांना इथं एक विनंती. रस्त्याकडेच्या रानात एका ठरावीक तुकड्यात उगवण कमी, रोप पिवळं, पाणी दिलं तरी माती ओल घेत नाही असं दिसलं तर लगेच सूक्ष्म अन्नद्रव्याची चिठ्ठी लिहू नका. आधी विचारा, इथं पूर्वी काय होतं? कच्चं पाचट गाडल्यावर जिवाणू कर्ब खायला नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं, तेलाच्या मातीतही तेच होतं. युरिया टाकून पान हिरवं होईल, खालचं पाणी सुधारणार नाही.

तपासणी कशी असते

ही तपासणी म्हणजे खोऱ्यानं एक घमेलं माती काढून पिशवीत भरणं नव्हे. नीट झालेल्या कामाचा क्रम साधारण असा असतो.

आधी कागद. टाक्या किती होत्या, कुठं होत्या, कधी बसवल्या, मध्ये बदलल्या का, पाईप कुठून कुठं गेले, टँकर कुठं खाली व्हायचा, गाड्या धुवायचा रॅम्प होता का. पंपाचा मंजूर नकाशा असतो, तो मागायचा. पंप २००० सालाच्या आधीचा असेल तर शिसंही तपासायला लावायचं, कारण देशभर बिनशिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आलं. बेंझीन कालांतरानं कमी होतं, शिसं मातीतून जात नाही.

मग भोकं. टाकीच्या खड्ड्याच्या चारी अंगांना, पाईपाच्या वाटेवर, मशीनखाली. खोलीप्रमाणं मातीचे नमुने काढतात आणि हातात धरायच्या वाफ मोजायच्या यंत्रानं जागेवरच बघतात. जिथं काटा वर जातो तिथला नमुना प्रयोगशाळेत. सगळ्यात महत्त्वाचं टाकी निघाली त्या खड्ड्याच्या तळाचं. खड्डा मुरमानं बुजवायच्या आधी नमुना काढला तर काम सोपं. बुजवल्यावर तेच काम दहापट अवघड.

मग पाणी. निदान तीन निरीक्षण बोअर लागतात, तेही एका रांगेत नाही, त्रिकोणात. तिन्हींची पाणीपातळी एकाच खुणेपासून मोजली की पाणी कुठल्या बाजूला चाललंय ते कळतं. एका बोअरनं हे कळत नाही. शेजारच्या विहिरींचेही नमुने घ्यायचे. आणि एकदा घेऊन भागत नाही. एप्रिल-मे मध्ये एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एकदा.

नमुना कसा भरला यावर सगळं आहे. बेंझीन उडून जाणारं. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धी हवा ठेवून दोन दिवसांनी दिलं तर आकडा शून्य येईल, आणि तो शून्य खोटा असेल. काचेची लहान बाटली, काठोकाठ भरलेली, आत हवेचा बुडबुडा नको, बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची पाहिजे, आणि ती मान्यता याच तपासणीची आहे ना ते विचारायचं. मागायचं ते असं: बेंझीन, टोल्यूइन, इथाइलबेंझीन, झायलीन, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि एमटीबीई.

एमटीबीई आणि एक शहर

एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळायचं द्रव्य. पाण्यात पटकन विरघळतं आणि पाण्याबरोबर लांब पळतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसला लागून सांता मोनिका नावाचं समुद्राकाठचं शहर आहे. १९९६ साली या शहराला आपल्या मुख्य विहिरी बंद कराव्या लागल्या, कारण आसपासच्या पेट्रोल पंपांच्या टाक्या आणि पाइपलाइनमधून एमटीबीई पाण्यात उतरलं होतं. जवळपास निम्मं पाणी एका वर्षात गेलं. बाहेरून विकत पाणी घ्यावं लागलं. तेल कंपन्यांशी कोर्टकचेरी झाली, पैसे मिळाले, शुद्धीकरण केंद्र उभं राहिलं आणि आपल्या विहिरीचं पाणी प्यायला २०१० साल संपत आलं. चौदा वर्षं! शहराकडं पैसा होता, वकील होते. आपल्या दहा घरांच्या वस्तीनं चौदा वर्षं कुणाचं पाणी प्यायचं?

त्या देशानं १९८४ मध्येच जमिनीतल्या टाक्यांसाठी कायदा केला, १९८६ मध्ये पेट्रोलवरच्या लहानशा करातून गळतीच्या सफाईसाठी निधी केला. तेव्हापासून तिथं पाच लाखांच्या वर गळत्या नोंदल्या गेल्या. तिथल्या टाक्या आपल्यापेक्षा वाईट होत्या असं नाही. त्यांनी शोधल्या म्हणून सापडल्या.

घाबरवायचं म्हणून लिहीत नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. कॅलिफोर्नियातच १९९५ साली पंपांच्या गळतीचा मोठा अभ्यास झाला. बहुतेक ठिकाणी बेंझीनचा पट्टा अडीचशे फुटांच्या आसपासच थांबलेला दिसला, कारण मातीतले जिवाणू ते खातात. म्हणजे गावात पंप आहे म्हणून सगळ्या गावाचं पाणी नासलं असं होत नाही. पण भेगांच्या खडकात तो हिशेब तसाच लागू होईल यावर विसंबू नये. आणि जवळ जोरात उपसा करणारा बोअर असेल तर तो तेल स्वतःकडं ओढतो. म्हणून म्हणतो, त्या जागेत बोअर नको. नवीन बोअर म्हणजे वरच्या तेलाला खालच्या पाण्यात जायला सरळ नळी.

आणखी एक. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. आपल्या उसाचं, मक्याचं, त्याचा आपल्याला फायदाच. पण पाण्यात उतरल्यावर जिवाणू आधी इथेनॉल खातात, तेवढ्यात पाण्यातला प्राणवायू संपतो आणि बेंझीन न खाल्लेलं राहून पुढं सरकतं. त्यामुळं जुन्या अभ्यासातली अडीचशे फुटांची खात्री आजच्या पेट्रोलला तेवढी धरता येत नाही.

कायदा काय म्हणतो आणि कुठं अडतं

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जानेवारी २०२० मध्ये पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात १६५ लिटर, म्हणजे साधारण एका बॅरलच्या वर गळती झाली तर कळवायचं आहे. चांगलंय. पण वरचा हिशेब लावा. १६५ लिटर ही लहान गोष्ट नाही. आणि सेकंदाला एक थेंब गळणारा पाईप एका दिवसात १६५ लिटर कधीच गाळत नाही, तो वर्षात त्याच्या चौपट गाळतो. माझं मत असं की बंद होणाऱ्या प्रत्येक पंपाला, गळती कळो न कळो, माती-पाण्याची तपासणी सक्तीची पाहिजे. मशीन न्यायच्या आधी अहवाल.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी राज्याच्या मंडळाला द्यायची, मंडळानं तपासायची, आणि ज्यानं घाण केली त्याच्याकडून सफाईचा खर्च घ्यायचा असा त्याचा रोख आहे. पण जिल्ह्याला कोण सांगणार की आमच्या शिवारात अशी जागा आहे? ग्रामपंचायतीनं ठराव करून जिल्हाधिकारी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला पाठवावा. विहिरींच्या पातळीची माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडं असते, तीही मागावी. नुकसान झालंच तर राष्ट्रीय हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे, भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो.

घाण करणाऱ्यानं भरायचं हे तत्त्व नवीन नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावाच्या विहिरी रासायनिक कारखान्यांमुळं नासल्या. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली निकाल दिला की घाण केली त्यानं दुरुस्त करायचं. पण पैसे टाळायची लढाई पुढं २०११ पर्यंत चालली. न्याय मिळतो, विहीर लवकर मिळत नाही. म्हणून आधीच कागद करून ठेवलेला बरा.

करारात काय लिहायचं

नवीन करार करणाऱ्यांनी वकिलाला दाखवून एवढं तरी घालून घ्यावं.

१. टाकी पुरायच्या आधी जागेची माती आणि शेजारच्या विहिरींचं पाणी तपासून अहवाल कराराला जोडायचा. आधी काय होतं याचा पुरावा नसला की पुढं सगळे हात वर करतात.

२. करार संपताना टाक्या, पाईप काढून खड्ड्याच्या तळाचे नमुने मालकासमोर घ्यायचे. अहवाल हातात आल्यावरच ताबा.

३. तोवर भाडं चालू. ही अट असली की अहवाल लवकर येतो.

४. दूषित निघालं तर सफाई भाडेकरूनं करायची, आणि ताबा दिल्यावरही ठरावीक वर्षं जबाबदारी राहायची.

जुना करार असेल आणि त्यात यातलं काही नसेल, तरी ताबा घेताना लेखी अर्ज देऊन तपासणी मागा आणि पोच घ्या. ताबापावतीवर "जागा सुस्थितीत मिळाली" असं छापलेलं असतं. त्यावर सही करायच्या आधी दोनदा वाचा.

"तपासलं आणि काही निघालं तर जमिनीचा भाव पडेल," असं लोक म्हणतात. पडेल, खोटं कशाला बोलू. पण न तपासता विकली आणि घेणाऱ्याच्या लेकराबाळांनी ते पाणी प्यायलं, तर तो भाव कुठल्या खात्यात धरायचा? शिवाय निघालं तर उपाय आहेत. तेलकट माती उपसून नेता येते, वाफ ओढून काढता येते, तेल खाणारे जिवाणू सोडता येतात. आपल्या देशात टेरी या संस्थेनं असे जिवाणू तयार केलेत. वेळ लागतो, पैसा लागतो, पण जमीन मरत नाही.

शेवटी जिवाची गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती विहिरीत, खड्ड्यात तळाला बसून राहते. आपल्याकडं विहिरीत उतरायच्या आधी हवा बघायला कंदील नाहीतर पेटता काकडा सोडायची जुनी पद्धत आहे. बंद पंपाच्या आसपासच्या विहिरीत हे कधीही करू नका, भडका उडेल. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग किंवा वास आला तर उतरू नका, मोटार चालू करू नका, बिडी-काडी लांब ठेवा. पिणं थांबवा, जनावरांना पाजू नका, आणि तहसीलदार, आरोग्य केंद्र, प्रदूषण मंडळ तिघांना त्याच दिवशी लेखी कळवा.

आमच्याकडच्या त्या दोन विहिरींचे नमुने घ्यावेत आणि तोवर बोअरचं काम थांबवावं, असा अर्ज आम्ही खालच्या वस्तीवाल्यांनी ग्रामपंचायतीत दिलाय. ज्यांच्या गावात पंप बंद झालाय किंवा व्हायचाय त्यांनी खड्डा बुजायच्या आधी हालचाल करा.